पेव, पोट आणि वन्समोअर

आजवर माझ्या पोटाला कान लावून ऐकणारी माणसं दोनच. एक पोस्टातला कारकून, तोही नऊवारी नेसून आणि गळा काढून रडत. आणि दुसरे आबा. कारकुनानं कान लावला तो नाटकाची गरज म्हणून. आबांनी लावला तो भर दिवसा, दुकानाच्या ओट्यावर, चार हमाल आणि एक गिऱ्हाईक बघत असताना. वर हात करून त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि म्हणाले, "थांबा रं जरा. आत कोनतरी भांडी घासतंय."

लढाईचे दिवस होते. मी मूळचा कराडचा, पण सांगलीजवळ हरिपुरात एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागलो होतो. वय पंचवीस, छाती बत्तीस. पोटाचं माप मात्र घड्याळावर अवलंबून असे. सकाळी सदरा अंगावर वाऱ्यानं हलायचा; संध्याकाळी त्याच सदऱ्याची बटणं काजांशी भांडायची. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, आणि नगारा नुसता फुगून थांबत नाही, तो वाजतोही.

आबा त्याच दुकानात पेवांचे कारभारी होते. हरिपुरात हळद जमिनीखाली ठेवतात. अरुंद तोंडाचा आणि खाली घागरीसारखा फुगत गेलेला खोल खड्डा, त्याला पेव म्हणायचं. आत पाला-कडबा अंथरून हळद भरायची, वर दगड ठेवायचा, माती लिंपायची. मग महिनोन् महिने बघायचं नाही. उघडताना मात्र जिवाशी गाठ असते, कारण आत विषारी हवा कोंडलेली असते. आबा दगड काढवायचे, बाजूला बसायचे आणि कुणी कितीही घाई केली तरी अर्धा दिवस हलायचे नाहीत. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला तर पुन्हा बसायचे. जळत राहिला तरच पहिला माणूस उतरायचा. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस पेवात राहिला नाही, हे ते कधी स्वतः सांगत नसत. हमाल सांगत.

या चाळीस वर्षांत आबांचा एक सिद्धांत तयार झाला होता. "त्वांड बारीक, प्वाट मोठं," ते म्हणायचे. "देवानं मानूस आन पेव एकाच साच्यातनं काढल्यात. फरक येवढाच, पेव गप बसतंय."

त्यामुळे जगाकडे ते पोटाच्या बाजूनं बघत. भेटल्यावर लोक 'काय, बरं आहे ना?' विचारतात. आबा विचारत, "हलकं हाय न्हवं?" आणि बोट पोटाकडे. हे ते मालकांना विचारत, मामलेदार कचेरीतल्या शिपायाला विचारत, आणि एकदा दुकानात वर्गणी मागायला आलेल्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनाही विचारलं. शास्त्रीबुवा आधी रागावले, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "नाही हो. काय करावं?" वर्गणी राहिली बाजूला.

स्वतः आबा जेवायला बसत ते दुकानामागं, भिंतीकडे तोंड करून. कुणी बोलू नये म्हणून. डोळे मिटून भाकरीचा घास असा चावत, की बघणाऱ्याचे जबडे दुखावेत. मधे कुणी काही विचारलं तर एक बोट वर करत. याचा अर्थ: ऐकलंय, उत्तर मिळेल. एकदा मालकांनी विचारलं, "आबा, तासगावची गाडी आली का?" बोट वर. अर्ध्या तासानं मालक मुंबईच्या व्यापाऱ्याशी गादीवर बसून भावाची घासाघीस करत होते. आबा धोतराला हात पुसत आत आले आणि म्हणाले, "आली."

"काय आली?"

"गाडी."

"अहो आबा, गाडी आली, माल उतरला आणि गाडी परतसुद्धा गेली!"

"जाईना का. तुमी इचारलं व्हतं त्ये सांगितलं."

मालक त्यांना काही बोलू शकत नसत, कारण मालकांचं दूध आबांनी तोडलं होतं. मालक रोज सकाळी म्हशीच्या दुधाचा मोठा पेला ताकदीसाठी घेत आणि दुपारपर्यंत सगळ्या दुकानाला शिव्या देत. आम्हाला वाटे, श्रीमंतांचा स्वभाव. आबांनी महिनाभर बघितलं आणि म्हणाले, "आवं मालक, तुमचं भांडान आमच्यासंगं न्हाई. म्हशीसंगं हाय." दूध बंद करवलं, दुपारी ताक सुरू केलं. पंधरा दिवसांत मालक हमालांना 'अरे बाबा' म्हणू लागले. कुणीही इथं थांबला असता. आबा थांबले नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी स्वतः मालकांपुढे दुधाचा पेला ठेवला. "खात्री करू या." बारा वाजायच्या आत मालकांनी माझ्या अंगावर शाईची दौत फेकली.

"पटलं?" आबांनी विचारलं.

"पटलं," मालक म्हणाले.

माझा सदरा निळा झाला होता, पण मलाही पटलं. "दूध वाईट न्हाई," आबा मला समजावत होते. "कुनाला सोसतंय, कुनाला न्हाई. दोनी पोटं देवाचीच. आपलं कंचं त्ये बगावं."

आता माझ्या पोटाची गोष्ट.

सांगली हे नाटकाचं गाव. आमची एक हौशी मंडळी होती आणि तिच्यात मी चार वर्षं भाला धरून उभा राहिलो होतो. चार वर्षांत मला दोन शब्द होते: 'आज्ञा, महाराज.' पाचव्या वर्षी राजपुत्राचं काम करणारा गडी पलटणीत भरती झाला आणि तालीममास्तरांची नजर माझ्यावर पडली. राजपुत्र! दोन अंक तलवार, जरीचा अंगरखा, एक प्रेमपत्र आणि टाळ्यांचं भाषण. तिसऱ्या अंकात रणात पडायचं. मग पोस्टातला कारकून, जो राणी होता, माझ्यावर कोसळून तीन पदं म्हणायचा. त्याचा गळा सोन्याचा होता. आणि सोन्याच्या गळ्याला सांगलीत वन्समोअर मिळतो. पद आवडलं की लोक ओरडणार, आणि राणी पुन्हा पहिल्यापासून रडणार. प्रेतानं तोवर पडून राहायचं. प्रेताचं मत कुणी विचारत नाही.

पहिल्या तालमीत राणीनं माझ्या पोटावर डोकं टेकलं, "बाळा!" म्हणून आर्त तान घेतली आणि थांबली. त्या शांततेत माझ्या पोटानं उत्तर दिलं. लांबलचक, घरंगळत जाणारं, शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. पेटीवाल्यानं तो सूर पेटीवर शोधायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या तालमीत तेच. तिसऱ्या तालमीत राणी म्हणाली, "मास्तर, हा मेला नाही. याला भूक लागलीय."

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "प्रयोग तीन आठवड्यांनी आहे. पोट गप्प झालं तर राजपुत्र तू. नाही झालं तर..." आणि त्यांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं त्यांचा मेहुणा बसला होता. किडकिडीत माणूस, जिवंतपणीही त्यानं कधी आवाज केलेला कुणाला आठवत नव्हता. जन्मजात प्रेत.

मी माझ्या नेहमीच्या उपायावर आणखी जोर दिला. सांगलीत तेव्हा पोट फुगलं की एकच उपाय सगळ्यांना ठाऊक होता: गोटी सोडा. दुकानाच्या कोपऱ्यावर सोडावाले चाचा होते. मी जेवणानंतर दोन बाटल्या पीत असे आणि ढेकर देत असे. ढेकर आला की वाटे, सुटलो. नाही आला तर मी तो काढत असे. मला ते छान जमायचं. हमाल फर्माइश करायचे.

असा मी एके दुपारी ओट्यावर ढेकर काढत बसलो असताना आबांनी कान लावला, तो प्रसंग वर सांगितलाच. मी त्यांना सगळं सांगितलं: राजपुत्र, राणी, मेहुणा. त्यांनी नाटक जन्मात पाहिलं नव्हतं. तरी मुद्दा त्यांना लगेच कळला.

"म्हंजी तुला गप पडून ऱ्हायाचं हाय."

"हो."

"आन प्वाट ऱ्हाऊ देत न्हाई."

"हो."

"चार दिस काय बदलू नगंस. बगतो."

चार दिवस आबा माझ्या आसपास वावरत होते. बोलत काही नव्हते. अधूनमधून कोपरीच्या उजव्या खिशातून काहीतरी काढून डाव्या खिशात टाकत. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डावा खिसा माझ्यापुढे उलटा केला. ओट्यावर हळकुंडांचा ढीग पडला.

"मोज."

बावीस होती.

"ही आजची," आबा म्हणाले. "एकडाव त्वांड हाललं की एक हळकुंड."

"आबा, मी दोनदा जेवतो फक्त!"

"जेवतोस दोनदाच. चरतोस इसदा." आणि ते सांगू लागले. उपाशीपोटी चहा. मालकांबरोबर चहा. गिऱ्हाइकाबरोबर चहा. शेंगदाणे. हमालाच्या फडक्यातली भजी. शेंगदाणे. नमुन्याला आलेला वानगीचा गूळ. "आदल्या मालाची अजून हळद हुईना, तवर तू वरनं वली भरतोस. वल्या मालावर माल टाकला की पेवात काय व्हतं?"

"कुजतं," मी म्हणालो.

"आन वारा धरतं. आन त्यो वारा काढायला तू काय करतोस? वरनं भाता मारतोस! सोडा म्हंजी काय रं? बाटलीत भरल्याला वाराच की!"

कोपऱ्यावरून सोडावाले चाचा ओरडले, "अवं आबा, माजं दुकान बसवताय व्हय?"

"तू त्याला लिंबू-मिठाचं साधं पानी दे. गोटीचं नगं."

"आन मग गोटीचं मी काय करू?"

"गोट्या खेळ!"

पण खरा घाव पुढेच होता. आबा माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझी नक्कल केली. हनुवटी आत घेतली, मान ताठ केली, घटकन काहीतरी गिळलं आणि ढेकर दिला. हमालांनी माना डोलावल्या, हुबेहूब मीच.

"ह्येच्यात काय दिसलं?"

"ढेकर."

"त्येच्या आदी?"

मी न्हाव्याच्या आरशासमोर जाऊन करून बघितलं. खरंच. प्रत्येक ढेकरापूर्वी मी हवा गिळत होतो! एक ढेकर बाहेर आणि दीड आत. न्हावी वस्तरा थांबवून बघत होता. "काय हरवलं?" त्यानं विचारलं. काय सांगणार? वर्षानुवर्षं ज्याला मी औषध समजत होतो तोच आजार होता.

मग आबांनी माझा ताबा घेतला. ढेकर आला तर येऊ द्यायचा, बोलावायचा नाही. सोडा बंद. चहा दिवसातून दोन, तोही काहीतरी खाल्ल्यावर. दोन जेवणांच्या मधे तोंडाला कुलूप. जेवताना बोलायचं नाही, कारण "बोलताना घासासंगं वारा जातोय." भाकरीचं तोंडात पाणी होईपर्यंत चावायचं. पोटाचा एक कोपरा मोकळा ठेवायचा. आबा पेवही कधी गळ्यापर्यंत भरत नसत. दुपारी ताक, त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूट हिंग. जेवून गादीवर लवंडायचं नाही, तर नद्यांच्या संगमापर्यंत चालून यायचं. रमतगमत. "पळू नगं. पोटातला वारा गोगलगाय हाय. तिला वाट दावायची, हाकलायचं न्हाई."

मी खानावळीत जेवत असे, तेव्हा आबा खानावळीतही आले. खानावळवाल्या काकू कडक होत्या. त्यांची मटकीची उसळ प्रसिद्ध होती. आबा थेट स्वयंपाकघरात गेले.

"अक्का, मटकी कवा भिजवतीस?"

"आवं आबा, तुमची पेवं तुमी बगा. माजी पातेली मला दिसत्यात."

"कवा भिजवतीस?"

"सकाळी. दुपारी शिजवायची तर काय आदल्या वर्षी भिजवू?"

"आदल्या दिशी भिजव. आन त्ये पानी टाकून दे. नव्या पान्यात शिजव."

"टाकून? त्येच्यातलं सत्त्व?"

"सत्त्व न्हाई त्ये. त्येच्या पोटातला तंबोरा हाय." आबांनी माझ्याकडे बोट केलं. खानावळ हसली. काकूंनी पळी उगारली. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी टाकायला लागल्या, आणि आठवड्यानं म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं पन बरं हाय हो." आबांनी फक्त बोट वर केलं, तोंडात घास होता.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत फरक पडेल. पहिले चार दिवस काही नाही. मी कुरकुर केली. आबा म्हणाले, "दगूड काढला म्हनून लगीच उतरतोस व्हय? बस की." नवव्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की सदऱ्याची बटणं सकाळसारखीच सैल आहेत. पंधराव्या दिवशी तालमीत राणीनं पोटावर डोकं ठेवलं, तान घेतली, थांबली. शांतता. पेटीवाल्यानं चमकून वर बघितलं. कोपऱ्यात मास्तरांचा मेहुणा थोडा आणखी किडकिडीत झाला.

आणि इथंच मी शहाणपणा केला. रंगीत तालीम जवळ आली. मी विचार केला, थोडं खाल्ल्यावर पोट इतकं गप्प, तर काहीच न खाल्ल्यावर किती गप्प बसेल! आबांना न विचारता मी सकाळपासून कडकडीत उपास केला. चहासुद्धा नाही. संध्याकाळी अंगरखा घालून रणांगणावर पडलो. राणी आली. "बाळा!" म्हणाली.

पोटानं जे उत्तर दिलं ते शेवटच्या रांगेत झाडू मारणाऱ्यानं ऐकलं. तो दचकून म्हणाला, "कोन हाय?"

मास्तर एकच वाक्य बोलले. "उद्या माझा मेहुणा विंगेत अंगरखा घालून उभा राहील."

सकाळी मी आबांकडे गेलो ते जवळजवळ रडतच. चार वर्षं भाला, आणि आता राजपुत्र हातचा जाणार. आबा मला एका रिकाम्या पेवाशी घेऊन गेले. "वाक. हाक मार."

मी तोंडाशी वाकून "ओ!" म्हणालो. खालून केवढा तरी मोठा "ओ!" परत आला.

"रिकामं घुमतंय," आबा म्हणाले. "आता भरल्यालं बग." शेजारचं पेव नुकतंच उघडून कंदील सोडून बघितलेलं होतं. मी हाक मारली. आवाज आत गेला आणि बसला. "गप कोन बसतंय? रिकामं न्हाई आन तुडुंब न्हाई. बेतानं भरल्यालं. खेळ किती वाजता?"

त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं, बत्त्या परवडत नव्हत्या, म्हणून प्रयोग दुपारी चारला होता. आबांनी हिशेब केला. दीड वाजता काकूंनी मऊ ताकभात दिला, मोजून एक मूद. तो मी चावला. ताकभात चावणारा माणूस काकूंनी पहिल्यांदाच पाहिला. मग आबा आणि मी संगमापर्यंत गेलो आणि आलो, एक शब्द न बोलता. थिएटरच्या दाराशी मी त्यांना पास दिला. पहिल्या रांगेतला.

"मी काय करू आत?"

"बघा. तुमचंच काम आहे ते."

पहिले दोन अंक झकास गेले. तलवार वेळेवर म्यानातून निघाली, भाषणाला टाळ्या पडल्या. तिसऱ्या अंकात मी पडलो. डोळे मिटण्याआधी विंगेत मेहुणा दिसला, अंगरख्यात. राणी धावत आली, कोसळली, डोकं टेकलं. पहिलं पद. पोट गप्प. "वन्समोअर!" पुन्हा पहिलं पद. गप्प. दुसरं पद. बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. "वन्समोअर!" मी मेलेला होतो, पण आतून नाचत होतो. तिसरं पद. शेवटची तान वर गेली, वर गेली, आणि तुटली. राणी माझ्या पोटावर निपचित. सगळं थिएटर श्वास धरून. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून, आनंदानं फुटलेला, चाळीस वर्षं पेवांच्या तोंडाशी हाका मारलेला आवाज आला:

"ऐका! ऐका रं गड्यांनो! काय बी वाजत न्हाई! तीन आटवडं लागलं, पर प्वाट कसं गप हाय बगा!"

मग माझं पोट हललं. वाजलं नाही, हललं. हसू दाबायचं म्हणून मी ओठ मिटले, तर ते पोटात उतरलं, आणि पोटावर राणीचं डोकं खालीवर, खालीवर व्हायला लागलं. राणीचा टोप घसरला. मागून कुणीतरी ओरडलं, "जिवंत हाय!" आणि थिएटर कोसळलं. मास्तरांनी पडदा पाडला तेव्हा मी, राणी आणि विंगेतला मेहुणा (होय, तोही, आवाज करून!) पोट धरून हसत होतो.

मास्तर मात्र हसत नव्हते. ते पडद्यामागं माझ्यासमोर उभे राहिले. "पोट गप्प राहिलं," ते म्हणाले. "शब्द दिला होता. राजपुत्र तूच." मग त्यांचा आवाज चढला. "पण पुढच्या खेळाला मधेच तोंड उघडणारा एकही माणूस मी थिएटरात घेणार नाही! एकही!"

आबा तोवर रंगमंचावर चढून आले होते. डोळे भरलेले, सगळ्या थिएटरात शेवटपर्यंत न हसलेला प्रेक्षक तो एकच. त्यांनी मास्तरांचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"बराबर हाय मास्तर," ते म्हणाले. "लय दंगा करत्यात. काय बी ऐकूच देत न्हाईत."